तीन महिने व्यायाम बंद

निवळगडाच्या पायथ्याला वनखात्याने उंबरा बसवला, तेव्हा तो आपल्यासाठीही असेल असं वाडीतल्या कुणाला वाटलं नाही. तो पुण्याहून येणाऱ्यांसाठी होता. रंगीत बूट घालून गड पळत चढायची टूम निघाली होती, त्याच्या शर्यती भरत होत्या, आणि एका हिवाळ्यात वेगवेगळ्या गडांवर चार-पाच धडधाकट माणसं पळता पळता कोसळून जागीच गेली. पेपरांनी ओरड केली. मग सरकारने प्रत्येक मोठ्या गडाच्या वाटेवर एक दार उभं केलं. सरकारी कागदात त्याचं नाव लांबलचक होतं, लोक त्याला उंबरा म्हणत.

उंबऱ्यात अनवाणी पायांनी पत्र्यावर उभं राहायचं आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या धरायच्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात आधी वीज असते आणि मग हालचाल. वरच्या कप्प्यातून एक बारीक प्रवाह निघतो, ठरलेल्या वाटेने खाली पसरतो आणि जाईल तिथला स्नायू आवळत जातो. मग पेशी पूर्ववत होईपर्यंत क्षणभर विसावा. ही वीज फार क्षीण असली तरी तळहातापर्यंत पोचते, आणि दवाखान्यातला ईसीजी तीच टिपतो. उंबरा त्यापुढे जाऊन त्या विजेवरून तुमच्या हृदयाची आकड्यांची नक्कल बनवायचा आणि ती नक्कल गड चढवून बघायचा. तुम्ही पायथ्याशी उभे असायचात, तोवर तुमचं हृदय वर जाऊन आलेलं असायचं. चढताना नकलेतली वीज वाट चुकली नाही तर हिरवा दिवा, चुकली तर तांबडा.

पहिलं वर्षभर वाडीकरांना सूट होती. दिवाळीनंतर ती गेली.

अलका मरगळे डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन उंबऱ्यापाशी आली, तेव्हा वनरक्षक साळुंके खुर्ची टाकून बसला होता. गेली अनेक वर्षं ती रोज गडावर ताक आणि लिंबूसरबत विकत होती. वरच्या टाक्याशेजारी तिची जागा ठरलेली होती.

"वहिनी, आता तुमालापण हात लावायला लागंल," साळुंके म्हणाला. "वरून आदेश हाय."

अलकाने मडकं खाली ठेवलं, चपला काढल्या आणि दांड्या धरल्या. आतून एका बाईचा गोड आवाज आला.

"आपण नियमित व्यायाम करता का?"

अलकाला हसूच फुटलं. "मला कुठला आलाय येळ?"

"कृपया हो किंवा नाही सांगा."

"न्हाय."

दिवा तांबडा झाला. साळुंकेने तिला दुसऱ्यांदा उभं केलं, पदराला हात पुसायला लावून तिसऱ्यांदा उभं केलं. दिवा तांबडाच. तिच्या मागे रांगेत असलेला एक पोट सुटलेला गृहस्थ व्यायामाला "हो" म्हणून हिरव्या दिव्याने वर निघून गेला. अलकाला राग आला, पण त्याच्या मागून भीतीही आली, कारण दांड्यांखालच्या पडद्यावर तिचं नाव येऊन त्याखाली तालुक्याच्या हृदय केंद्रात जाण्याची सूचना आली होती.

केंद्रातल्या डॉक्टर रेश्मा मुजावर चटपटीत आणि स्पष्टवक्त्या होत्या. त्यांनी अलकाला विजेच्या पट्ट्या लावून बारा बाजूंनी तपासलं, हृदयाची चित्रं काढली, रक्त पुण्याला पाठवलं. मग तिला आणि तिच्या नवऱ्याला, बबनला, समोर बसवलं.

"अलकाताई, तुमच्या हृदयाच्या भिंती जाड आहेत. ठोका फार संथ आहे. आलेखातले सुळके उंच आहेत आणि ठोक्यानंतरची एक लाट उलटी पडतेय. याचे दोन अर्थ निघतात."

पहिला अर्थ चांगला होता. वर्षानुवर्षं अंगमोड मेहनत करणाऱ्या खेळाडूंचं हृदय असंच होतं. स्नायू वाढतो, म्हणून वीज मोठी दिसते. मेंदूकडून येणारी एक नस ठोक्याला आवर घालत असते, ती जास्त जोर धरते, म्हणून ठोका संथ होतो. असं हृदय दणकट असतं. दुसरा अर्थ वाईट होता. घराण्यातून येणारा एक आजार असतो, त्यातही भिंती जाड होतात, सुळके उंच होतात, लाट उलटी पडते. पण त्यात पेशी ओळीने न वाढता वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात. दमछाक झाली की वीज त्यांच्यात वाट चुकते, गोल गोल फिरत राहते, आणि हृदय आवळायचं सोडून नुसतं थरथरतं. माणूस काही मिनिटांत जातो. रक्तात त्या आजाराची खूण सापडली नव्हती, पण सापडली नाही म्हणून आजार नाही असं म्हणता येत नव्हतं.

"तुम्ही व्यायाम नाही म्हणालात, म्हणून यंत्राने आजार धरला," डॉक्टर म्हणाल्या. "रोज गड चढता, ते मी व्यायामातच धरते. पण खरं सांगू का, तासाभराच्या एका चढाने एवढं जाड हृदय होत नाही. म्हणून मलाही काळजी वाटतेय."

"मग वं?" बबनने विचारलं.

"एक परीक्षा आहे. तीन महिने व्यायाम पूर्ण बंद. मेहनतीने वाढलेलं हृदय विश्रांती मिळाली की ओसरतं. आजारी हृदय ओसरत नाही. नाही ओसरलं, तर छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. वीज वाट चुकली की ते झटका देऊन ठिकाणावर आणतं. पण मग गड कायमचा बंद."

अलकाला छातीतल्या यंत्राचं एवढं वाटलं नाही. गड कायमचा बंद, हे तिला झोंबलं. खाली वाडीत ती बबनची बायको होती, ओंकारची आई होती, ईश्वरीची सासू होती. वर ती ताकवाली अलकामावशी होती. लोक वर्षाने आले तरी तिची आठवण ठेवून येत, तिच्याशी गप्पा मारत. वारं लागायचं, पैसे तिच्या हातात यायचे. उभ्या दिवसात तेवढाच वेळ तिला आपला वाटे.

घरी आल्यावर बबनने कडक बंदोबस्त केला. बबन गडाचा वाटाड्या होता. पायथ्याच्या वडाखाली बसून पर्यटकांना इतिहास सांगायचा आणि वरच्या जागा बोटाने दाखवायचा. स्वतः वर जाणं त्याने गुडघ्याच्या नावाखाली कधीच सोडलं होतं. मुलगा ओंकार चाकणच्या गोदामात होता, पंधरवड्याने यायचा. तेव्हा ताक घेऊन गडावर जायचं काम सून ईश्वरीने उचललं.

"आत्या, तुमी नुसतं घरात ऱ्हावा," ती म्हणाली. "गडाचं माझ्याकडं लागलं."

अलका घरात राहिली. ईश्वरी सकाळी जायची ती उन्हं उतरल्यावर यायची, त्यामुळे तिच्या वाट्याचं कामही अलकाकडे आलं. पण ती गड चढली नाही. एकदा मोह झाला, तरी उंबऱ्याच्या दिशेला फिरकलीसुद्धा नाही. बबन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "डॉक्टरीणबाईनं इश्रांती सांगितलीय. घरात बसूनच हाय."

तीन महिन्यांनी डॉक्टर मुजावरांनी पुन्हा पट्ट्या लावल्या आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. सुळके तेवढेच उंच होते. लाट उलटीच होती. ठोका उलट आणखी थोडा संथ झाला होता.

"अलकाताई, खरं सांगा. चोरून गड चढलात ना?"

"आयशप्पथ न्हाय."

"न्हाय ओ मॅडम," बबन कळवळून म्हणाला. "मी जातीनं लक्ष ठिवून हाय. कायसुदिक करत न्हाय ती. घरीच असती."

"मग यंत्र बसवावं लागेल. पुढच्या महिन्यात पुण्याला..."

अलकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती रडणारी बाई नव्हती, त्यामुळे बबन घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. डॉक्टरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दिवसभर घरात बसून कंटाळा येत असेल ना? काय करता?"

"बसायला कुठं मिळतंय," अलका डोळे पुसत म्हणाली. "पाण्याच्या खेपाच सरत न्हाईत. झरा पार दरीत हाय. म्हशी दोन, त्यांचं येगळं पाणी. मग चाऱ्याचे भारे. परवा सरपण आणलं पल्याडच्या रानातनं. ईश्वरी असली की निम्मं निम्मं करतो, आता ती गडावं, म्हंजी समदं मलाच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी व्यायाम पूर्ण बंद म्हटलं होतं."

"मग व्यायाम कुठं केला?" बबन म्हणाला. त्याने हे इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की डॉक्टरांना त्याच्यावर रागावताही येईना.

त्या आठवड्यात त्या स्वतः वाडीत आल्या. अलकाच्या छातीला एक पातळ पट्टी चिकटवली आणि हातातल्या पडद्यावर बघत दरीच्या काठावर उभ्या राहिल्या. अलका खाली उतरली, हंडा आणि त्यावर कळशी भरली आणि चढायला लागली. पडद्यावर तिचा ठोका चढत गेला, शर्यतीतल्या धावपटूचा जातो तेवढा वर गेला, आणि हंडा उतरवल्यावर झरझर खाली आला. तिने पुन्हा हंडा उचलला. चढ, डोक्यावर वजन, थोडा दम, पुन्हा चढ. शर्यतीच्या खेळाडूंना पैसे घेऊन नेमका हाच सराव देतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. फक्त ते आठवड्यातून दोनदा करतात आणि बाकीचे दिवस आराम करतात.

"पुण्याची तारीख मी पुढे ढकलते," त्या म्हणाल्या. "परीक्षा झालेलीच नाही. आता खरी घ्यायची. पाणी नाही, चारा नाही, सरपण नाही."

"मग कोण करणार?" अलकाने विचारलं.

प्रश्न सगळ्यांनीच ऐकला. ईश्वरी ओट्यावर बसली होती. तिला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं, गड तर बंद झालाच होता, पण हंडाही डोक्यावर घ्यायची सोय राहिली नव्हती. त्यामुळे सगळे बबनकडे बघायला लागले. बबनने आपल्या पाठीमागे कुणी आहे का ते वळून पाहिलं.

अलकाने दोन दिवस त्याची धांदल पाहिली आणि तिसऱ्या दिवशी हंडा उचलला. सुनेने हंडा उचलला आणि तिच्या पोटातल्या जिवाला कमी-जास्त झालं तर त्यापेक्षा छातीत यंत्र परवडलं, असा तिने मनाशी हिशेब केला होता. बबनने तिच्या हातातून हंडा काढून घेतला. "तू मेलीस तर मी काय करू?" तो ओरडला, आणि वाडीत चार लोकांना ऐकू गेलं म्हणून लाजून आत गेला. अलकाने त्याच्या तोंडून असलं काही पूर्वी ऐकलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं आणि ती गुपचूप खाली बसली.

पण डोक्यावर हंडा घेऊन बबन वाडीतून चालणार नव्हता. ते त्याच्याच्याने होईना. चैत्र तोंडावर आला होता, आणि चैत्रात वाडीतले पुरुष खांद्यावर कावड घेऊन गडावरच्या महादेवाला पाणी नेतात. तो मान आहे, त्यासाठी भांडणं होतात. बबनने माळ्यावरची जुनी कावड काढली, दोन्ही टोकांना कळश्या बांधल्या आणि झऱ्यावर गेला. वाटेत कुणी विचारलं तर म्हणायचा, "नवस हाय. बायकोला बरं वाटावं म्हून." लोक हात जोडून बाजूला होत. देवाला एक खेप आणि घराला बाकीच्या, हे कुणी मोजत बसलं नाही.

पहिले काही दिवस तो दारात येऊन कावड टाकायचा आणि बोलू शकायचा नाही. खांद्याची सालटं निघाली. निम्मं पाणी वाटेत सांडायचं. एकदा म्हणाला, "झरा एवढा खाली कधी गेला?" अलका म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवापासनं तितंच हाय." नंतर हळूहळू त्याचा पाय बसला, दम धरायला लागला. पोट आत गेलं. वडाखाली बसून इतिहास सांगताना तो आता उभा राहून सांगायला लागला.

अलकाला बसणं जड गेलं. पहिला पंधरवडा तिला आपण कुणाचं तरी चोरून खातोय असं वाटत होतं. हात रिकामे म्हणून ती तांदूळ पुन्हा पुन्हा निवडायची. मग एका दुपारी तिला बसल्या जागी झोप लागली आणि जाग आली तेव्हा ईश्वरीने तिच्या अंगावर पांघरूण टाकलं होतं. त्यानंतर ती रोज दुपारी झोपायला लागली. तिला हे आवडायला लागलं आणि आवडतं आहे याची भीतीही वाटायला लागली, कारण हृदय ओसरलं तर ती बरी ठरणार होती, आणि बरी ठरली की झरा तिथेच होता. नाही ओसरलं तर गड गेला. संध्याकाळी ती ओट्यावरून गडाकडे बघत बसायची. आता त्या टाक्याशेजारी कुणीतरी बाटलीबंद सरबत विकत होतं.

तीन महिने सरले तेव्हा डॉक्टर मुजावर पुन्हा वाडीत आल्या, पट्ट्या आणि पडदा घेऊन. अलकाला आतल्या खोलीत निजवून त्यांनी आलेख काढला, एकदा, मग खात्री करायला पुन्हा एकदा. सुळके खाली आले होते. उलटी लाट सरळ झाली होती. ठोका इतर बायकांसारखा झाला होता.

"आजार नाही," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच एवढा आनंद झाला की त्यांनी अलकाचा हात धरला. "कधीच नव्हता. ते मेहनतीचं हृदय होतं. यंत्र नको, काही नको. उंबऱ्यात मी नोंद करते, दिवा हिरवा लागेल. थोडं थोडं करत सगळं सुरू करा."

अलका उठून बसली. मग ती दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, समदं सुरू करा म्हणू नका."

"म्हणजे?"

"गड चालंल म्हणा. पाणी चालणार न्हाय म्हणा."

डॉक्टर हसल्या. "अलकाताई, हृदयाला ताकाचं मडकं आणि पाण्याचा हंडा यांतला फरक कळत नाही. चढ तो चढच."

"हृदयाला न्हाय कळत. मला कळतो की."

खोटं बोलणं डॉक्टरांच्या स्वभावात नव्हतं आणि यंत्राच्या नावावर तर मुळीच नाही. मग त्यांनी पट्ट्या गोळा केल्या आणि बाहेर आल्या. बबन ओट्यावर उभा होता.

"त्या बऱ्या आहेत. गडावर जाऊ शकतात."

बबनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला. ईश्वरीही रडायला लागली. जरा वेळाने त्याने डोळे पुसले, भिंतीला टेकलेल्या कावडीकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "म्हंजी आता पाण्याचं..."

"पाणी त्यांनी वाहायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे यंत्र सांगत नाही, मी सांगतेय. बसा इथे, तुमचे हात द्या."

त्यांनी पट्ट्या त्याच्या मनगटांना लावल्या. पडद्यावर बबनच्या हृदयाची वीज उमटायला लागली, शांत आणि एका तालात. डॉक्टरांनी त्याला ठोका दाखवला, सुळके दाखवले. इथे त्यांना काहीच बनवून सांगावं लागलं नाही.

"बघा, तुमचा ठोका केवढा छान संथ झालाय. या वयात असा आलेख मी क्वचित बघते. हे त्या खेपांमुळे झालंय. बंद केलंत तर तीन महिन्यांत सगळं ओसरेल, तुम्ही घरातच पाहिलंय ते. तेव्हा चालू ठेवा. उत्तम व्यायाम आहे तो."

"व्यायाम?" बबन म्हणाला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्यांकडे. त्याची मान जरा ताठ झाली. समोरून जाणाऱ्या शेजाऱ्याला त्याने हाक मारली. "अरं, ये हिकडं! डॉक्टरीणबाई काय म्हणत्यात बघ. पाणी वाहणं म्हंजी व्यायाम हाय! खेळाडूगत हृदय झालंय माझं!"

अलका दारात येऊन उभी होती. तिला हसू आलं, आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच तोंडावर आलं.

"तीस वर्सं मी वाहिलं ते पाणी," ती म्हणाली, "आन ह्यांनी तीन म्हैनं वाहिलं तो व्यायाम!"

शेजारी हसला. अलकाने ओट्यावरच्या दोन्ही रिकाम्या कळश्या उचलल्या, कावडीच्या टोकांना एकेक करून बांधल्या, आणि कावड बबनच्या खांद्यावर ठेवून ताक घुसळायला आत गेली.